बाबांची पाठीतली नळी आणि आईचा टॅप ब्लॉक, रात्री जागून केलेला रिव्ह्यू

दोन वर्षांत घरात पोटाची दोन ऑपरेशनं झाली आणि दोन्ही वेळेला रात्रीची सोबत मीच होते म्हणून ऑपरेशननंतरचं दुखणं कमी करायच्या या दोन पद्धतींबद्दल लिहितेय. बाबांचं मोठ्या आतड्याचं, बेंबीच्या वर खाली लांब उभी चीर. त्यांना एपिड्युरल, म्हणजे पाठीत केसासारखी बारीक नळी आणि पंपाने हळूहळू औषध, तीन दिवस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र ओढलं आणि दोन चेंडू वर गेले, मला तिथेच रडू आलं. त्रास झालाच, बीपी दोनदा उतरलं, पाय जड, लघवीची नळी जास्त दिवस राहिली. पण 'दुखतंय' फार कमी ऐकलं.

आईची गर्भपिशवी काढली, आडवी चीर, हॉस्पिटल दुसरं. तिला ऑपरेशन संपताना टॅप ब्लॉक दिला, सोनोग्राफीवर बघत दोन्ही कुशींना स्नायूंच्या थरांमध्ये सुई घालून प्रत्येकी 20 मिली औषध. पाठीला सुई नाही, बीपी छान, संध्याकाळी उठून बसून चहा घेतला. टाक्यांवर हात ठेवून म्हणते, इथे काही कळतच नाही गं, पण आतून पिळवटतंय. नंतर भूलतज्ज्ञांनी समजावलं की हा ब्लॉक पोटाच्या भिंतीच्या नसा बधिर करतो, आतल्या दुखण्याला वेगळं औषध लागतंच.

माझी तक्रार पुढची आहे. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण अर्ध्या दिवसात उतरतो हे आधी कोणीच बोललं नाही. रात्री अडीचला आई एकदम कण्हायला लागली, चादरीचं टोक मुठीत आवळलेलं, सिस्टरकडे पेनकिलरची ऑर्डरच नाही, डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला. संध्याकाळपासून ठरल्या वेळेला पॅरासिटामॉल चालू असतं तर एवढं झालं नसतं, अजून राग येतो.

मोठ्या उभ्या चिरेसाठी एपिड्युरलला 5 पैकी साडेचार, फक्त रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, तेव्हा पाठीत सुई घालायला धोका असतो. बेंबीखालच्या आडव्या चिरेला टॅप ब्लॉक 4. त्या हॉस्पिटलच्या रात्रीच्या सोयीला 1.

पुढच्या महिन्यात मावशीचं हर्नियाचं आहे. कागदावर लिहूनच ठेवलंय, ब्लॉक देणार असाल तर किती वाजता उतरेल आणि त्याच्या आधी काय देणार.