33 इंची टायर, एक गोणी आणि मी: लिफ्ट केलेली जुनी थार घेताना कसा फसलो

आधीच सांगतो, चूक माझीपण आहे, त्यामुळे "एवढा शिकलेला माणूस आणि" वगैरे सुरू करू नका, ते घरी रोज ऐकतोच आहे. पण पुण्यात सध्या ज्याला त्याला उंच केलेली जुनी थार पाहिजे, आणि मला ज्याने टोपी घातली तो अजून मोकळाच फिरतोय, म्हणून लिहितोय.

गाडी 2016 ची महिंद्राची सीआरडीई डिझेल थार, म्हणजे 2015 च्या फेसलिफ्टनंतरची, मागच्या डिफ लॉकवाली (म्हणजे एक चाक चिखलात नुसतंच फिरायला लागलं तर दुसऱ्यालापण ताकद देणारी सोय). 2020 च्या ऑक्टोबरात नवीन शेपची थार आली, ती चांगलीच आहे, पण माझा जीव जुन्या डब्यावरच. ही भूगावला बघितली. काळी मॅट, तीन इंच लिफ्ट, 33 चे एमटी, म्हणजे चिखलासाठीचे जाड नक्षीवाले टायर, पुढे लोखंडी बंपर. बघितली आणि संपलो. विकणारा तिशीचा पोरगा, एकदम गोड बोलणारा, "दादा, जीव लावलाय हिला, बाळ होणार आहे म्हणून देतोय." किंमत 6 लाख 85 हजार, वर "कंपनीचं सगळं ओरिजिनल सामान गोणीत भरून ठेवलंय, कधी परत स्टॉक करायची झाली तर तासाभराचं काम." ती गोणी मला लांबून दाखवली पण. तोंड सुतळीने बांधलेलं. मी उघडून बघितली का? नाही.

चांदणी चौकापर्यंत चक्कर मारली. 60 च्या पुढे खालून घरघर यायला लागली, विचारलं तर "एमटी टायर आहेत दादा, आवाज येणारच." स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं, "रुंद टायर रस्त्याचा चढउतार पकडतात." खड्ड्यात दणका बसला, "लिफ्ट आहे ना, कडकच असते." हे मला फार उशिरा कळलं की लिफ्ट आणि मोठे टायर असले की गाडीच्या प्रत्येक दुखण्याला उत्तर तयार असतं. साध्या स्विफ्टमध्ये हेच आवाज आले असते तर मी दार उघडून चालत घरी गेलो असतो.

पैसे दिले, गाडी आणली, आणि दुसऱ्याच रविवारी मुळशीकडे चिखलात घातली. 4 लो (चारी चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाकून वळवली तर पुढून कट-कट-कट. सोमवारी धायरीला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक हवेत गेलं आणि ते थांबलेच. म्हणाले, "साहेब, चाक खाली लोंबकळलं पाहिजे ना? हे बघा, बोटभरपण खाली येत नाही. ही गाडी उचललेली नाही, नुसती ताणलीय."

तर झालं होतं असं. जुन्या सीआरडीई थारला पुढे कमानपाटे नसतात, टॉर्शन बार असतात, म्हणजे पीळ देऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई. तिचा एक ॲडजस्टिंग बोल्ट असतो, तो आवळला की गाडी पुढून वर येते, खर्च शून्य. ह्या पठ्ठ्याने तो शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला. उंची दिसते, पण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात चाक धरणारा आर्म जाऊन स्टॉपवर आदळतो, तोच तो "कडक" दणका. ॲक्सलचे जॉइंट कायम तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट फाटले होते, ग्रीस उडून गेलेलं आणि आत चिखल. अलाइनमेंट तर बसणारच नाही, पुढचे टायर एका कडेने खाल्लेले, पण त्यावर पॉलिश मारून इतके काळेकुट्ट केलेले की मला दिसलंच नाही.

मागे अजून मजा. पाट्यांना गल्लीतल्या वेल्डरकडून बनवलेले लांब शॅकल (पाटा चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या), त्याने मागच्या ॲक्सलच्या हौजिंगचा कोन फिरला, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, गेले, ती घरघर टायरची नव्हतीच. एका शॅकलच्या ब्रॅकेटपाशी चेसिसला तडा, त्यावर वेल्डिंग, त्यावर काळा अंडरकोट. आणि जे ऐकून माझ्या बायकोने माझ्याशी दोन दिवस बोलणं सोडलं ते म्हणजे मागचा ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलचा रबरी पाईप. गाडी तीन इंच वर, पाईप तेवढाच, चाक पूर्ण लोंबलं की तो तारेसारखा ताणला जात होता. त्याच गाडीत मी पोरीला बसवून ताम्हिणी घाट उतरलो होतो.

मग गोणी उघडली. दोन शॉकॉब्सर, दोन्ही गळके, त्यातला एक थारचा नाहीच. गंजलेले नटबोल्ट, एक फुटका टेललॅम्प आणि वजनासाठी, खरंच सांगतो, फरशीचे तुकडे. मूळ शॅकल नाहीत, 16 इंची मूळ रिम नाहीत.

टायरवर तारीख असते हे मला माहीत होतं, बघितली मात्र नाही. साईडला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. माझ्या टायरवर 2314, म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. गाडीपेक्षा टायर म्हातारे! आणि मूळ टायर 235/70 आर 16, जेमतेम 29 इंची, त्याजागी 33 टाकले की मीटर साधारण 12 टक्के कमी दाखवतं. काटा 70 वर असतो तेव्हा गाडी 80 ला पळत असते, म्हणजे स्पीड कॅमेऱ्याचं चलन तर येणारच, शिवाय "फक्त 61 हजार पळालीय" ह्या बोलण्यालापण अर्थ नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसीवर नाव त्या पोरग्याचं नव्हतंच, "मित्राची आहे, सह्या तयार आहेत" म्हणून मालकी बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सही करून दिलेले. आरसीवरचा खरा मालक पिंपरीकडचा, बिचारा भला माणूस, त्याने पाच महिन्यांपूर्वीच ह्याला गाडी विकली होती, साध्या उंचीची, ठणठणीत. म्हणजे बाळबीळ काही नाही, हा धंदाच आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि ते चुकवायला हे लोक घरगुती मालक बनून भेटतात. वर बँकेचा बोजा आरसीवर तसाच, कर्ज फिटलेलं पण बोजा उतरवायचा फॉर्म 35 कधी भरलाच नव्हता. त्या पिंपरीवाल्या काकांनी माझ्याबरोबर बँकेत दोन आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत तीन चकरा मारल्या म्हणून गाडी नावावर झाली. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला असता तर बोजा पाच मिनिटांत दिसला असता.

आणि मॉडिफिकेशनचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवरच्या मूळ माहितीपेक्षा गाडी बदलायची नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेपण तेच सांगितलं. दंड मालकाला, प्रत्येक बदलामागे 5 हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालक आता मी. तो लोखंडी बंपर तर 2017 च्या शेवटीच बेकायदा ठरवलाय.

चौकीत गेलो तर "तुम्ही बघून घेतलीय ना, दिवाणी मामला आहे." लेखी अर्ज देऊन पोच तेवढी घेऊन आलो. कलम चारशेवीसचं आता नवीन न्याय संहितेत 318 झालंय, फसवणूक मात्र तीच. पोरग्याचा फोन पहिल्या आठवड्यात "मीटिंगमध्ये आहे दादा", नंतर बंद. वकील म्हणाला ग्राहक आयोगात जाता येईल, पण तो डीलर आहे हे आधी सिद्ध करावं लागेल, म्हणून पिंपरीच्या काकांचं लेखी निवेदन घेऊन ठेवलंय.

गाडी आता परत मूळ उंचीवर आहे. टॉर्शन बार सैल करून सेट केले, नवीन ॲक्सल, शॅकल, क्रॉस, होज, चारी शॉकॉब्सर, नाना पेठेतून जुने रिम, नवीन टायर, चेसिसचं काम नीट प्लेट लावून, सगळे मिळून 1 लाख 72 हजार. पोरगी म्हणते, "बाबा, थार बुटकी झाली." पण 80 ला स्टिअरिंग एका हाताने धरता येतं.

ते 33 चे टायर विकायला काढलेत. चार जण येऊन गेले. प्रत्येकाला आधी ते चार आकडे दाखवतो, मग कोणी भावसुद्धा विचारत नाही, त्यामुळे टायर आणि गोणी दोन्ही अजून पार्किंगमध्येच पडलेत आणि सोसायटीची नोटीस आलीय.