गावसकर की विश्वनाथ: अभ्यास कोणाच्या फलंदाजीचा करावा?

ज्या तरुण फलंदाजाला मागच्या पिढीतील एकाच भारतीय फलंदाजाचा बारकाईने अभ्यास करायचा आहे, त्याच्यापुढे सुनील गावसकर आणि गुंडाप्पा विश्वनाथ ही दोन नावे ठेवली, तर आकडे पाहून प्रश्न लगेच सुटल्यासारखा वाटतो. गावसकरांनी १९७१ ते १९८७ या काळात १२५ कसोटींत ५१.१२ च्या सरासरीने १०,१२२ धावा आणि ३४ शतके केली. विश्वनाथ यांच्या नावावर १९६९ ते १९८३ या काळातील ९१ कसोटींत ४१.९३ च्या सरासरीने ६,०८० धावा आणि १४ शतके आहेत. दोघेही १९४९ साली जन्मलेले, दोघेही बुटके, आणि जवळजवळ बारा वर्षे एकाच संघातून खेळलेले.

विश्वनाथ यांचे चाहते या आकड्यांना एकच उत्तर देतात: त्यांनी शतक केलेली एकही कसोटी भारत हरला नाही. हे खरे आहे, पण त्याचे वजन जपून करावे लागते. चौदापैकी चार कसोटी भारताने जिंकल्या, उरलेल्या अनिर्णित राहिल्या. आणि सामना जिंकायचा तर प्रतिस्पर्ध्याचे वीस गडी बाद करावे लागतात, ते काम फलंदाजाचे नव्हे. शिवाय गावसकरांसारखा सलामीवीर कोऱ्या चेंडूला तोंड देतो, विश्वनाथ यांच्यासारख्या चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाला कधीकधी तरी जुना चेंडू मिळतो, हा फरक सरासरी पाहताना अनेकदा विसरला जातो.

म्हणून आकड्यांपेक्षा दोन खेळी शेजारी ठेवून पाहणे अधिक उपयोगाचे. जानेवारी १९७५ मध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्ध दुखापतीमुळे गावसकर खेळत नव्हते. वेगवान गोलंदाज अँडी रॉबर्ट्स यांनी ६४ धावांत ७ बळी घेतले आणि भारताचा पहिला डाव १९० धावांत आटोपला. त्यातील ९७ धावा विश्वनाथ यांच्या होत्या, आणि त्याही नाबाद. तळाचे फलंदाज साथीला असताना त्यांनी रॉबर्ट्स यांना नुसते थोपवून धरले नाही, तर उसळत्या चेंडूवर मनगट फिरवून ऑफ साइडला कट मारत धावा वाढवल्या. शतकाला तीन धावा उरल्या असताना अकरावे फलंदाज चंद्रशेखर बाद झाले. भारताने तो सामना १०० धावांनी जिंकला, त्यामुळे त्या ९७ धावांना शतकाहून अधिक मान आहे.

दुसरी खेळी मार्च १९८७ मधील बंगळूरची, गावसकरांच्या शेवटच्या कसोटीतील. पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात २२१ धावा हव्या होत्या, आणि फिरकी गोलंदाज इक्बाल कासिम व तौसीफ अहमद यांचे चेंडू एकाच टप्प्यावरून कधी हातभर वळत, तर कधी अंगावर उसळत. गावसकर पाच तासांहून अधिक काळ उभे राहिले आणि ९६ धावांवर कासिम यांच्या एका उसळलेल्या चेंडूवर स्लिपमध्ये झेलबाद झाले. दुसऱ्या कोणाही फलंदाजाला तीस धावांपर्यंत पोहोचता आले नाही, आणि भारत १६ धावांनी हरला. खराब खेळपट्टीवर विश्वनाथच हवेत, हा जुना समज मला या खेळीमुळे अपुरा वाटतो.

दोघांमधील खरा भेद इथे दिसतो. विश्वनाथ वाईट खेळपट्टीवर गोलंदाजाच्या चांगल्या चेंडूवरही फटका शोधत; त्यांचा स्क्वेअर कट इतका उशिरा खेळला जाई की चेंडू यष्टिरक्षकाकडे गेला असे वाटावे. त्यामागे मनगटाची आणि नजरेची उपजत जोड होती. गावसकर उलट प्रत्येक चेंडूला आधी प्रश्न विचारत: हा खेळायलाच हवा का? डोके स्थिर, बॅट शरीराजवळ, पाय चेंडूच्या टप्प्यापर्यंत, आणि ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू शेवटच्या क्षणी सोडून देणे. हेल्मेट न घालता वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्यासमोर १३ शतके करणाऱ्याला हे सोडणेच सर्वाधिक उपयोगी पडले असावे.

शिकण्याच्या दृष्टीने माझा कौल म्हणूनच गावसकरांना आहे. त्यांची पद्धत सुटी करून दाखवता येते: नेटमध्ये पन्नास चेंडूंपैकी किती सोडले, डोके कितीदा हलले, हे मोजता येते. विश्वनाथ यांचा कट मात्र ज्याच्या मनगटात तो मुळातच नाही, त्याने नक्कल केली तर स्लिपमधील क्षेत्ररक्षकांना सराव मिळतो, एवढेच. मात्र ज्या प्रशिक्षकाकडे असे मनगट असलेला मुलगा आला आहे, त्याने त्याला गावसकरांच्या साच्यात कोंबू नये. एप्रिल १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडिजविरुद्ध ४०३ धावांचे लक्ष्य गाठताना गावसकरांनी १०२ आणि विश्वनाथ यांनी ११२ धावा केल्या, तेव्हा दोन्ही पद्धती एकाच डावात लागल्या होत्या.

गावसकरांचा स्वतःचा कौल मात्र वेगळा असावा. आपल्या मुलाच्या नावात त्यांनी वेस्ट इंडिजचे फलंदाज रोहन कन्हाय आणि भारताचे जयसिंहा यांच्यासोबत विश्वनाथ यांनाही जागा दिली: रोहन जयविश्व.