छतावरचं सोलर: तेरा महिने वापरल्यावर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात, माझ्या स्लॅबवर नोव्हेंबर 2024 मध्ये 3 किलोवॅटचं सोलर बसलं. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा पाहून झाला, म्हणून आता लिहितो. लोक सगळ्यात जास्त विचारतात ते टॅक्सचं, तेव्हा आधी तेच सांगतो.

घरच्या सोलरवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळत नाही. एका एजंटाने आमच्या शेजारच्या गुरुजींना "रिटर्नमध्ये दाखवा, टॅक्स कमी होईल" असं सांगून गळ घातली होती. 40 टक्के घसारा (वस्तू जुनी होते तशी तिची घटणारी किंमत) खर्चात दाखवायची सोय आहे खरी, पण ती धंद्यासाठी लावलेल्या सोलरला. माणूस विश्वासाने पैसे टाकतो, त्याला असं सांगणं मला फार लागलं.

घराला मिळतं ते पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये. त्यासाठी पॅनल सेलपासून देशातच बनलेले लागतात, त्यालाच डीसीआरचे म्हणतात. मला नेट मीटर (घेतलेली आणि लाइनला परत दिलेली वीज मोजणारा) लागल्यावर पाच आठवड्यांनी पैसे खात्यात आले, तोवर आपलेच अडकतात.

दुसरा फायदा जीएसटीचा. सोलरच्या कामात 70 टक्के रक्कम सामानाची आणि 30 टक्के सेवेची धरतात. माझी मूळ किंमत 1,70,000 होती. तेव्हा सामानावर 12 आणि सेवेवर 18 टक्के, म्हणून टॅक्स 23,460 लागला. 22 सप्टेंबर 2025 पासून सामानावरचा दर 5 टक्के झाला. दिवाळीनंतर साळ्याने तेवढ्याच किमतीचं घेतलं, त्याला 15,130 लागले. त्याच्या पहिल्या कोटेशनात मात्र जुनाच दर होता. मी माझं बिल शेजारी ठेवून दाखवलं, तेव्हा बदलून मिळालं. सामान आणि सेवा वेगवेगळी लिहून मागा.

माझे दोन महिने वेगळ्याच गोष्टीत गेले. लाईट बिल वडिलांच्या नावावर होतं आणि वडील जाऊन नऊ वर्षं झाली. बिल, बँक खातं, अर्ज, सगळं एका नावावर लागतं. खेड्यात निम्म्या घरांची हीच गत आहे, म्हणून आधी मीटर नावावर करून घ्या.

आता वीज. हिवाळ्यात रोज 11-12 युनिट, मार्च-एप्रिलमध्ये 14 पर्यंत, पावसाळ्यात 7-8. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, तरी आकडा 13 च्या वर गेला नाही. पॅनल तापलं की उत्पादन उतरतं, आणि आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. तरी कूलर दिवसभर चालवून मे महिन्याचं बिल स्थिर आकारावर आलं. आधी ते दोन हजारांच्या घरात जायचं.

तुरीच्या मळणीत मात्र पॅनलवर भुशाचा असा थर बसला की बोटाने रेघ ओढता येत होती. दोन दिवसांत आकडा 9 वर आला. बोअरच्या पाण्याने धुतलं तर क्षारांचे पांढरे डाग उरले. आता पहाटे, काच थंड असताना, नळाच्या पाण्याने भिजवून सुती कापडाने पुसतो.

आणि जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते हे: लाइन गेली की सोलरही बंद. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. कारण रास्त आहे. पण मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली आणि माय घामाने डबडबलेली, पदराने वारा घेत म्हणाली, "एवढं ऊन पडलं हाये, अन् पंखा काऊन बंद हाये रे?" तिला काय उत्तर द्यावं ते सुचेना. बॅटरीला या योजनेत अनुदान नाही. अनुदानाच्या पैशातून जूनमध्ये साधा बॅटरी-इन्व्हर्टर आणला. त्यावर मायच्या खोलीतला पंखा आणि दोन दिवे चालतात.