बारा रविवार आणि पाच मॉडेल: सदाशिव पेठेतला एक फिगर ड्रॉइंग क्लास

शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्रात जत्रा आली होती. मी पाळणा काढला, फुगेवाला काढला आणि जत्रेतली यच्चयावत माणसं पाठमोरी काढली. चेहरे जमत नव्हते, दुसरं काय. सी ग्रेड मिळाली आणि माझी चित्रकला तिथेच थांबली.

आता कर्वेनगरला माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर चार फोटो घेऊन येतं: गळा याच्यातला, बाही त्याच्यातली, मागची बाजू तिसरीच. हे कागदावर काढून दाखवता आलं तर कापड बेतल्यानंतरची भांडणं वाचतील, एवढाच हिशेब करून मी या क्लासला नाव घातलं. क्लासचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि सर माणूस म्हणून चांगले आहेत.

12 रविवार, सकाळी 9 ते 12, फी 4,800. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा शोधत फिरायचं असेल तर पाऊणतास आधी निघा. मी दुसऱ्या रविवारपासून रिक्षाने जायला लागले. बॅचमध्ये आम्ही 14 जण. बहुतेक बी.एफ.ए.च्या सीईटीची मुलं, एक बँकेतून रिटायर झालेले काका आणि मी.

पहिल्या दिवशी सरांनी शेजाऱ्याचा चेहरा काढायला लावला. मी काकांना काढलं. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, काकांचा मेंदू कुठे ठेवलात?" बघितलं तर डोळे पार कपाळात गेलेले. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात म्हणे, वर जेवढं तेवढंच खाली. मला पटेना. घरी येऊन सासूबाईंना भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि फूटपट्टीने मोजलं. माथ्यापासून हनुवटी साडेआठ इंच, डोळे सव्वाचारवर. मग उत्साहात सगळ्या सासूबाईच मोजल्या: उंची 62 इंच, म्हणजे सात डोकी आणि वर थोडं. सर साडेसात सांगतात. (फॅशनच्या चित्रांतल्या बायका नऊ-नऊ डोक्यांच्या असतात. गिऱ्हाइकाला तसं चित्र दाखवून मग साडेसात डोक्यांवर ब्लाउज चढवायचा, म्हणजे पुन्हा भांडण आलंच.)

त्यानंतर चार रविवार चेहऱ्याला बंदी. डोक्याच्या जागी अंडं काढायचं, बस्स. मुलं कुरकुरली. मला विचाराल तर फी वसूल झाली ती याच चार रविवारी. मॉडेल म्हणून एक सत्तरीचे आजोबा यायचे, पूर्वी कुठेतरी वॉचमन होते. एक मिनिट एक पोझ, मग दुसरी, अशा वीस. एका मिनिटात तपशील काढताच येत नाहीत. मान कुठे झुकली, पाठीचा बाक कसा, वजन कुठल्या पायावर, एवढंच हाती लागतं. कोळशाची कांडी आडवी धरून फिरवायची, अगदी आमच्या कापडावरच्या खडूसारखी. हे एक मला पहिल्या दिवसापासून जमलं.

वजनाच्या बाबतीत मात्र मी चाट पडले. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याखालच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पावलाशीच येतो. ट्रायलला बाई अशी उभी राहिली की घेर एका बाजूने उचललेला दिसतो, आणि मी वीस वर्षं "ताई, सरळ उभ्या राहा" म्हणत आले. सर म्हणतात, सरळ उभ्या माणसाचं चित्र म्हणजे खांबाचं चित्र. धडा म्हणून आठवड्याला बाहेरची तीस माणसं काढायची होती, तोंडाशिवाय. मी तुळशीबागेत जिन्याच्या पायरीवर बसून काढली. घासाघीस करणारी बाई एका पायावर असते. "राहू दे मग" म्हणून निघायला वळली की भार दुसऱ्या पायावर जातो, दुकानदाराने हाक मारली की परत पहिल्यावर. एका कानातल्याच्या जोडापायी मला पाच पोझेस मिळाल्या.

माझी अडचण जरा वेगळी होती, ती सांगते, कारण क्लासने ती ओळखली. मला मापं पाठ. छाती 36 म्हटलं की मी कागदावर रुंदच काढणार. पण टेप अंगावरून वळत जाते आणि नजर सरळ जाते. 36 चा घेर समोरून दिसतो जेमतेम 12 इंच, आणि बाई जरा तिरकी वळली की त्याहून कमी. सरांनी माझी टेप पिशवीत ठेवायला लावली. हात ताठ लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर डोक्याची उंची घ्यायची आणि तीच खाली मोजत जायची. कोपर न वाकवता हं. वाकवलं की माप बदलतं.

सहाव्या रविवारी चेहरा सुरू झाला. दोन डोळ्यांच्या मधे एक डोळा मावतो, कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत, वगैरे. हे लवकर उरकलं आणि बरोबरच केलं. ठोकताळे ते, माणूस समोर बसला की मोडतातच.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: बारापैकी पाचच रविवारी मॉडेल होतं. मधे तीन वेळा आम्हीच आळीपाळीने बसलो, ते एकवेळ चाललं. शेवटचे चार रविवार भिंतीवर फोटो टाकले. एका नटीच्या पापण्या दोन तास काढत बसलो. फोटो हलत नाही, श्वास घेत नाही, त्यात प्रकाश एकदाच पडून गेलेला असतो. मुलांच्या शेडिंगची तारीफ झाली, पण डोकं मानेवर बसलेलं एकाचंही नव्हतं. दुसरी: हाताच्या पंजांना सगळा मिळून अर्धा तास. माझ्या बायका अजून हात पाठीमागे घेऊन उभ्या असतात. तिसरी: सामानाच्या यादीत परदेशी कोळसा आणि परदेशी कागद, दोन हजारांच्या पुढे. अप्पा बळवंत चौकात साधे कार्ट्रिज कागद, 2बी, 4बी, 6बी पेन्सिली आणि मळायचा रबर घेतला, सगळं सहाशेच्या आत. काम अडलं नाही.

पाचपैकी साडेतीन देईन. नाव घालण्याआधी मॉडेल किती रविवारी येणार ते विचारा, आणि जमलं तर कागदावर घ्या. दुकानात फरक पडला का? गळ्याचं चित्र काढून दाखवते, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि तरी मोबाइलमधला फोटो पुढे करतं.

फोटोंबद्दल सरांकडे बोलले तेव्हा ते म्हणाले, "रविवारी सकाळी तीन तास बसायला माणूस मिळत नाही हो." दुकानात आल्यावर काज-बटण करणाऱ्या मावशींना सहज विचारलं. त्यांनी सुई कापडात खोचली, चष्मा वर केला. "नुसतं बसायचे पैसे देतात? आणि मधे चहा?"

पुढच्या बॅचला मावशी जाणार आहेत. मी अजून ठरवलेलं नाही.