ठासणीच्या पिस्तुलाचं किट : आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात खोकं उघडलं तेव्हा बायको म्हणाली, "पिस्तूल कुठंय? हा तर तुटलेल्या खुर्चीचा पाय." चूक नव्हतं. पावणेतीनशे डॉलरचं, स्पॅनिश बनावटीचं केंटकी धाटणीचं किट: .५० कॅलिबरची दहा इंची आठकोनी नळी, बीचच्या लाकडाचा ओबडधोबड दस्ता, खरखरीत ओतीव पितळ आणि पिशवीभर स्क्रू. इथे अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशा ठासणीच्या हत्यारांना 'अँटिक' म्हणून सूट आहे, म्हणून ते घरपोच येतं. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे, आपले आधी बघून घ्या. भारतात हा उद्योग नको. तिथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.

आधीच सांगतो, नळी, निपल (बार पेटवणारी टोपी बसते ते टोक) आणि चापाची कळ यांना मी हात लावला नाही. जे काही केलं ते लाकूड, पितळ आणि वरवरच्या रंगावर.

दस्त्यात खाचा आयत्या होत्या, पण नळी नीट बसेना. लाकूड नेमकं कुठे अडतंय ते कळायला नळीच्या बुडाला काजळ फासलं (बायकोच्या पर्समधलं, न विचारता), दाबून बसवली आणि उचलली. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच पटाशीने कागदाएवढी साल काढायची, पुन्हा काजळ, पुन्हा दाब. असे तीन शनिवार गेले, आणि सगळ्यात मजा तिथेच आली.

घोटाळा पॉलिश पेपरने केला. कळीची पट्टी काढून ठेवून दस्ता घासला, कडा गोल झाल्या, आणि पट्टी परत बसवली तर भोवती नखभर फट. लाकूड आणि धातू एकत्र बसवूनच घासायचे असतात. भुसा आणि इपॉक्सीने ती फट बुजवली. जवळून बघणाऱ्याला दिसते.

बीचवर साधा स्टेन डागडाग चढतो. म्हणून आधी कडक कोऱ्या चहाचे दोन हात दिले, आणि वाळल्यावर व्हिनेगरमध्ये आठवडाभर मुरवलेल्या स्टील वूलचं पाणी. चहातलं टॅनिन आणि लोह भेटलं की लाकूड डोळ्यांदेखत काळसर होतं. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा. पितळाला २२० पासून ६०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर आणि शेवटी इंडियन स्टोअरमधली पितांबरी.

ब्राउनिंग म्हणजे नळीला मुद्दाम, शिस्तीत गंज चढवणं. त्याला दमट हवा लागते, आणि ओहायोचा हिवाळा कोरडा ठाक. नळी बाथरूममध्ये टांगून गरम शॉवर सोडायचो. ठाण्यात जुलै महिन्यात हे काम फुकटात झालं असतं. सहा वेळा गंज चढवला आणि झाडला, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थांबवला. रंग जुन्या तव्यासारखा आलाय.

नेमबाजीसाठी म्हणाल तर बेताचं. रेंजवर पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्या खाली लागल्या. पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) कानशीने थोडी थोडी उतरवली, तेव्हा नेम वर आला. एकदम उतरवू नका, घासलेली माशी परत वाढत नाही. बंदुकीची काळी दारू ओल धरते आणि नळी खाते, त्यामुळे त्याच संध्याकाळी गरम साबणाच्या पाण्याने धुणं आलंच. सिंकमध्ये लवंगी माळेचा आणि सडक्या अंड्याचा मिळून वास येतो. एकदा कंटाळा केला. सकाळी नळीत ब्राउनिंग झालेलं, आतून.

नुसते बार काढायला घेत असाल तर तयार पिस्तूल घ्या. मी मात्र दुसरं किट मागवलंय, या वेळी चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणारं.

कोकणातल्या काकांना फोटो पाठवला होता. रानडुकरांपासून शेत राखायला त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. फोन आला, "दस्ता बरा घासलायस. माझी निवडणुकीपायी पोलीस ठाण्यात जमा आहे, आणि डुकरांना ते बरोबर कळलंय."