थर्मामीटर उघड्यावर, बर्फ देवदारांखाली

मार्चमध्ये मनालीच्या वरच्या देवदारांत शिरलात की दिसतं: खोडाभोवतीचा बर्फ आधी वितळून खळगा पडलेला, आणि दोन पावलांवर मोकळ्या जागेत तोच बर्फ गुडघाभर. हवेचं तापमान मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. बियासच्या खोऱ्यात बर्फ वितळून किती पाणी येईल हे सांगणारं मॉडेल निवडायचं असेल तर हा खळगा विसरू नका.

डिग्री-डे पद्धत सगळ्यांत सोपी. शून्यावरच्या दर अंशाला दिवसात किती मिमी पाणी वितळतं, तो गुणक. गुणक 4 मिमी आणि दिवसाचं सरासरी तापमान 5 अंश, की 20 मिमी पाणी, झाला हिशेब. जलशास्त्रज्ञ मार्टिनेक यांनी 1975 मध्ये मांडलेलं एसआरएम (स्नोमेल्ट रनऑफ मॉडेल) याच घराण्यातलं. त्याला मुख्यतः तापमान, पाऊस आणि उपग्रहावरून मोजलेलं हिमाच्छादन लागतं, म्हणून हिमालयात ते चालतं. बियासवरच्या पंडोह धरणात येत्या आठवड्यात किती पाणी येईल, एवढाच प्रश्न असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. फक्त जंगल आणि उघडा उतार यांना एकच गुणक लावू नका. शिवाय मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या 500 मीटरच्या चौकटीतून झाडांखालचा बर्फ बऱ्याचदा निसटतो, म्हणजे क्षेत्रफळ आधीच कमी धरलेलं असतं.

ऊर्जा-संतुलन पद्धत खळग्याचं कारण सांगते. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात. ते आले कुठून, हा तिचा प्रश्न. झाडं ऊन अडवतात, पण तापलेलं खोड आणि फांद्या स्वतः दीर्घलहरी (न दिसणारी, अवरक्त) उष्णता बर्फावर सोडतात. यातलं कोण जिंकतं ते हवामानावर ठरतं. 2013 च्या एका अभ्यासात दिसलं, की डिसेंबर ते फेब्रुवारीचं सरासरी तापमान उणे 1 अंशाच्या वर असेल तिथे जंगलातला बर्फ मोकळ्या जागेपेक्षा एक-दोन आठवडे आधी संपतो. थंड भागात उलट. हिमालयाच्या एकाच उतारावर खाली एक नियम आणि वर दुसरा, असंही होऊ शकतं. डिग्री-डेला हे कधीच कळणार नाही. पण ऊर्जा-संतुलनाला प्रारण (ऊन आणि उष्णतेचे किरण), आर्द्रता, वारा, पानांची घनता सगळं हवं. ते अंदाजाने भरलंत तर भौतिकशास्त्र फक्त नावाला उरतं. जंगलातल्या बर्फाची 33 मॉडेल्स पाच ठिकाणी तपासली गेली, निष्कर्ष 2009 मध्ये आले: सगळीकडे सरस असं एकही नाही, आणि उघड्यावर चांगलं चाललेलं मॉडेल झाडांखाली चालेलच असंही नाही.

मधला मार्ग हिमनदी-अभ्यासक हॉक यांचा, 1999 चा: तापमानाच्या जोडीला उताराच्या दिशेनुसार पडू शकणारं ऊन. उंचीचा नकाशा असला की ते काढता येतं, नवं उपकरण लागत नाही. तो स्वीडनमधल्या हिमनदीवर घडला, जिथे झाड औषधालाही नाही; तेव्हा झाडांची सावली तुम्हालाच घालावी लागेल. तरीही सुरुवात मी इथूनच करेन. जंगल तोडल्यावर किंवा हवा तापल्यावर काय होईल, असा प्रश्न असेल तरच ऊर्जा-संतुलनाकडे जा. आजच्या जंगलावर जुळवलेला गुणक उद्याच्या जंगलाचं उत्तर देत नाही.

कुठलंही घ्या, हिवाळ्याआधी स्वस्तातले काही तापमान-लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारी छोटी उपकरणं) झाडांखाली आणि मोकळ्यावर जमिनीत वरच्यावर पुरून ठेवा. वर जाड बर्फ असेपर्यंत आकडा शून्याजवळ थिजलेला राहतो. ज्या दिवशी तो दुपारी चढायला आणि रात्री उतरायला लागतो, त्या दिवशी तिथला बर्फ संपलेला असतो.