गुडघ्यांसाठी कोलॅजन: पावडर, कॅप्सूल की पायाचं सूप?

आईचे गुडघे दुखायला लागले आणि महिन्याभरात घरात कोलॅजनचे दोन डबे आले. एक भावाने आणला, दुसरा शेजारच्या काकूंनी सुचवला. पावडर रोज १० ग्रॅम घ्यायची, कॅप्सूल मात्र ४० मिलिग्रॅमची एकच. मात्रेत अडीचशे पटींचा फरक! तो का, हे कळल्याशिवाय यात पैसे घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

कोलॅजन हे प्रथिन म्हणजे शरीरातला दोरखंड. तीन साखळ्यांचा पीळ, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरी कडी ग्लायसिन या अमिनो आम्लाची. हा तिपेडी पीळ १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या शास्त्रज्ञांनी मांडला. त्वचा, हाडं आणि स्नायूबंध यांत मुख्यतः पहिल्या प्रकारचं कोलॅजन असतं, सांध्याच्या कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात, दुसऱ्या. पण खाल्लेला दोर आहे तसा गुडघ्यात जाऊन बसत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात, बरेचसे सुटी अमिनो आम्लं बनतात, काही दोन-तीन कड्यांचे तुकडे रक्तात पोचतात.

पावडर हे पचनाचं काम आधीच करून देते. गाय, डुक्कर किंवा माशांची कातडी-खवले यांतलं कोलॅजन विकरांनी (एन्झाइमांनी) बारीक तोडलेलं असतं. पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी थलथलीत होतं, कारण त्यातल्या साखळ्या अजून लांब असतात. पावडर पाण्यात विरघळते आणि आळत नाही. पोटात गेल्यावर दोन्हींची वाट बरीचशी एकच. मग हाड मोडलेल्याला सूप देतात त्यात चूक काय? काहीच नाही, चांगलं अन्न आहे. फक्त वाटीत कोलॅजन किती उतरलं ते मोजता येत नाही.

पावडरीने गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचे प्रयोग आहेत, पण त्यातल्या बऱ्याच प्रयोगांना पैसा उत्पादकांचा. त्वचेबाबत २०२५ मध्ये २३ प्रयोगांचा एकत्र आढावा आला. एकूणात फायदा दिसला, पण कंपन्यांच्या पैशाविना झालेले प्रयोग वेगळे काढले तेव्हा तो दिसेना. म्हणून चेहऱ्यासाठी मी पावडर घेणार नाही.

कॅप्सूलचा दावाच निराळा. तिच्यात कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतलं, पीळ न मोडलेलं दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन असतं. ते सांध्याला कच्चा माल पुरवत नाही. आतड्यातल्या प्रतिकारपेशींना त्याची ओळख होऊन सांध्यातला दाह शांत व्हावा, अशी कल्पना आहे. म्हणून मात्रा इवलीशी. २०१६ मध्ये १९१ जणांवर सहा महिने झालेल्या प्रयोगात दुखणं कमी झालेलं दिसलं. पैसा इथेही कंपनीचाच. कॅप्सूल फोडून गरम दुधात घालू नका, उष्णतेने पीळ उलगडतो.

शाकाहारी घरांनी डब्यावरचा तपकिरी त्रिकोण पाहावा. हिरव्या खुणेच्या ‘कोलॅजन बिल्डर’मध्ये कोलॅजन नसतंच; बहुतेकदा क जीवनसत्त्व आणि वनस्पतींचे अर्क असतात. क जीवनसत्त्वाशिवाय दोराचा पीळ पक्का होत नाही हे खरं, स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते त्यामुळेच. पण रोजची गरज एका पेरूत भागते.

गुडघ्यांसाठी यांपैकी काहीही घ्या, पहिला मान मांडीच्या व्यायामाचा. आई पलंगावर पाय पसरून बसते, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, ती खाली दाबून पाच आकडे मोजते. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. असा भरवसा कुठल्याच डब्यावर नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर पावडर डॉक्टरांना विचारूनच. माशांची ॲलर्जी असेल तर माशांपासूनची नको. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा सकाळी तासभर आखडत असेल, तर आधी तपासणी. तो संधिवात वेगळा असू शकतो.

आम्ही पावडर परत केली. आई व्यायामासोबत कॅप्सूल तीन महिने घेणार आहे. कितव्या पायरीला गुडघा बोलतो, ते दर रविवारी कॅलेंडरवर लिहितो. आज सातवी.